एकाच कपाटात राहिलेला चषक

न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्या महिला रग्बी संघांमध्ये १९९४ पासून एक मालिका खेळली जाते. तिच्या चषकाचं नाव लॉरी ओरायली कप. मध्ये काही वर्षं ती बंद पडली, पुन्हा सुरू झाली, कधी एक सामना तर कधी दोन. एक गोष्ट मात्र बदललेली नाही. २०२५ च्या अखेरपर्यंत ऑस्ट्रेलियाने हा चषक एकदाही जिंकलेला नाही. चषक राहू द्या, पंधरा जणींच्या खेळात न्यूझीलंडला त्यांनी एका सामन्यातही हरवलेलं नाही.

तरीही दोन्ही देशांत हिला चुरशीची मालिका म्हणतात, आणि ते पूर्ण खोटं नाही. कसं ते समजायला आधी खेळाचे थोडे नियम हवेत. रग्बी आपल्याकडे फार कमी लोक पाहतात, त्यामुळे सुरुवात तिथूनच.

रग्बी युनियनमध्ये प्रत्येक संघात मैदानावर पंधरा खेळाडू असतात. चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन भाग. लांबुळका चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे जाऊन तो जमिनीला टेकवायचा. याला ट्राय म्हणतात आणि त्याचे ५ गुण. ट्राय झाला की चेंडू गोलपोस्टच्या दोन खांबांमधून, आडव्या दांड्यावरून मारण्याची संधी मिळते. ते कन्व्हर्जन, २ गुण. समोरच्यांनी नियम मोडला तर पेनल्टी, आणि ती खांबांमधून गेली तर ३ गुण. खेळ चालू असताना चेंडू जमिनीवर आपटवून खांबांमधून मारला तर तो ड्रॉप गोल, त्याचेही ३.

नव्या प्रेक्षकाला सगळ्यात विचित्र वाटतो तो नियम असा की हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही. पास द्यायचा तर बाजूला किंवा मागेच. म्हणजे संघाला पुढे सरकायचं असतं आणि चेंडू मात्र सारखा मागे जात असतो. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला समोरचे खेळाडू धरून खाली पाडतात. कबड्डीतली पकड डोळ्यासमोर आणा. फरक इतकाच की इथे पकड झाल्यावर खेळ थांबत नाही. पडलेल्या खेळाडूने चेंडू सोडायचा आणि त्यावर दोन्हीकडचे खेळाडू उभ्याने रेटारेटी करून तो मिळवायचा. याला रक म्हणतात. अख्ख्या सामन्यात असे शंभराहून जास्त रक सहज होतात. टीव्हीवर तो नुसता ढिगारा दिसतो, पण सामना बराचसा तिथेच ठरतो. खाली पडलेल्या मैत्रिणीजवळ आपल्या दोघी आधी पोचतात की त्यांच्या, एवढ्याच गोष्टीवर.

एवढ्यावर गुणफलक वाचता येतो. या मालिकेतले जुने निकाल पाहा: १९९८ मध्ये सिडनीत २७-३, २००८ मध्ये कॅनबेरात ३७-३, २०१६ मध्ये ऑकलंडच्या ईडन पार्कवर ६७-३ आणि त्यानंतरच्या सामन्यात २९-३. ऑस्ट्रेलियाच्या रकान्यात तो ३ पुन्हा पुन्हा येतो. म्हणजे एकही ट्राय नाही. फक्त एकदा किकने मिळवलेले तीन गुण. शून्यापेक्षाही हा ३ मला जास्त बोलका वाटतो. ८० मिनिटांत संघ एकदाच किकच्या टप्प्यात पोचला आणि त्याने रेषेचा नाद सोडून मिळतील ते गुण पदरात पाडून घेतले, असं चित्र त्यातून उभं राहतं.

ज्याच्या नावाने हा चषक आहे तो माणूस न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरातला वकील होता. कौटुंबिक खटले हे त्याचं मुख्य काम. पुढे १९९४ ते १९९७ या काळात तो देशाचा बालहक्क आयुक्त झाला आणि मुलांच्या वाढीत बापाचा वाटा असायलाच हवा, हे त्याने या पदावरून जोर लावून मांडलं. लॉरी ओरायली यांचं दुसरं वेड रग्बी. तेही बायकांचं रग्बी, अशा काळात जेव्हा न्यूझीलंडमध्ये रग्बी म्हणजे धर्म होता आणि त्या धर्मात बायकांचं काम सामन्यानंतर चहा-सँडविचचं ताट पुढे करण्याचं होतं. १९८८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने क्रुसेडेट्स नावाचा महिला संघ परदेश दौऱ्यावर गेला. १९८९ मध्ये क्राइस्टचर्चला कॅलिफोर्नियाहून आलेल्या महिला संघाविरुद्ध सामना झाला, आणि न्यूझीलंडच्या महिला संघाची सुरुवात तिथून धरतात. १९९१ मध्ये वेल्समध्ये पहिला महिला विश्वचषक झाला, तेव्हा प्रशिक्षक ओरायलीच होते. उपांत्य सामन्यात अमेरिकेने ७-० ने हरवलं.

१९९४ च्या विश्वचषकाला न्यूझीलंडचा संघ गेलाच नाही. आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने त्या स्पर्धेला मान्यता दिली नव्हती, आणि मंडळाची मान्यता नाही म्हणून न्यूझीलंडच्या रग्बी संघटनेनेही हात आखडता घेतला. तयार झालेला संघ घरी बसून राहिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध सामना झाला. ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाचा तो पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना. न्यूझीलंड ३७, ऑस्ट्रेलिया ०.

पुढच्या वर्षी ऑकलंडमध्ये ६४-०. १९९६ मध्ये सिडनीत २८-५. १९९७ मध्ये ड्युनेडिनला ४४-०. जानेवारी १९९८ मध्ये ओरायली कर्करोगाने गेले. त्याच वर्षी ॲमस्टरडॅममध्ये मंडळाची मान्यता असलेला पहिला महिला विश्वचषक झाला आणि न्यूझीलंडने अमेरिकेला ४४-१२ असं हरवून तो जिंकला. न्यूझीलंडच्या महिला संघाचं ‘ब्लॅक फर्न्स’ हे नाव तिथून पक्कं रुजलं.

१९९८ च्या सामन्यानंतर हा चषक थेट २००७ मध्ये खेळला गेला. २००७ आणि २००८ मध्ये दोन-दोन सामने झाले आणि मग पुन्हा खंड, २०१६ पर्यंत. निकालांची यादी वाचताना लोक ६४-० आणि ६७-३ वर अडखळतात. मला विचाराल तर डोळा या रिकाम्या वर्षांवर थांबायला हवा. १९९८ ला विशीत असलेली ऑस्ट्रेलियाची एखादी खेळाडू या चषकाच्या पुढच्या सामन्यापर्यंत बहुधा निवृत्त झाली असणार. दोन पिढ्यांमध्ये फारसं काही हस्तांतरित झालं नाही. कोणत्या चालीला न्यूझीलंड कसं उत्तर देतं, त्यांची पुढची फळी कुठे ढिली पडते, ही माहिती पुस्तकात मिळत नाही. ती अंगावर घ्यावी लागते. गंमत म्हणजे मालिकेतला सगळ्यात जवळचा निकाल २००८ चाच आहे, कॅनबेरात २२-१६. लागोपाठ दोन वर्षं चार सामने झाले तेव्हा अंतर सहा गुणांवर आलं होतं. आणि नेमकं तेव्हाच मालिका थांबली. दोन वर्षांनी, २०१० च्या विश्वचषकात, ऑस्ट्रेलियाने तिसरा क्रमांक मिळवला. आजवरची ती त्यांची सर्वोत्तम कामगिरी. त्या संघाला पुढची सात-आठ वर्षं नियमित सामने मिळाले असते तर काय झालं असतं, असा विचार मनात येतोच.

न्यूझीलंडलाही फार सामने मिळत होते असं नाही. पण त्यांच्याकडे घरात स्पर्धा होती. १९९९ पासून तिथे प्रांतांच्या महिला संघांची राष्ट्रीय स्पर्धा चालते. तिला आता फेरा पामर यांचं नाव आहे. १९९८, २००२ आणि २००६ अशा तीन विश्वविजेत्या संघांच्या या कर्णधार. पेशाने विद्यापीठातल्या प्राध्यापक. आणि २०१६ मध्ये न्यूझीलंड रग्बीच्या संचालक मंडळावर आलेल्या पहिल्या स्त्री. आंतरराष्ट्रीय सामने नसलेल्या वर्षांतही ऑकलंड, कँटरबरी, वेलिंग्टनच्या मुली एकमेकींविरुद्ध दणकून खेळत होत्या. ऑस्ट्रेलियात या तोडीची देशांतर्गत स्पर्धा, सुपर डब्ल्यू, सुरू झाली २०१८ मध्ये. जवळजवळ वीस वर्षं उशिरा. त्यात २०२२ ला फिजीचा ‘फिजियाना द्रुआ’ हा संघ पाहुणा म्हणून आला आणि पहिल्याच फटक्यात स्पर्धा जिंकून गेला. पुढच्या वर्षी पुन्हा तोच. ऑस्ट्रेलियाच्या संघांकडे तयार खेळाडू किती होत्या, याचा यापेक्षा वेगळा पुरावा शोधायला नको.

आता एक कोडं. ऑस्ट्रेलियाच्या मुलींना रग्बी येत नाही असं म्हणावं तर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकचं काय? तिथे सेव्हन्स हा रग्बीचा छोटा प्रकार पहिल्यांदा खेळला गेला. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडलाच २४-१७ ने हरवून सुवर्ण घेतलं. त्याआधी २००९ मध्ये दुबईत सेव्हन्सचा पहिला महिला विश्वचषक झाला, तिथेही अंतिम सामना याच दोघींचा आणि विजय ऑस्ट्रेलियाचा. २०२२ मध्ये केपटाउनला पुन्हा तेच, २४-२२. म्हणजे सात जणींच्या खेळात दोघी बरोबरीच्या, आणि पंधरा जणींच्या खेळात ५०-०.

या कोड्याचं उत्तर मालिकेचं सगळ्यात महत्त्वाचं स्पष्टीकरण आहे, म्हणून जरा सावकाश.

सेव्हन्समध्ये सात-सात मिनिटांचे दोन भाग असतात आणि मैदान तेवढंच मोठं. त्यामुळे वेग, दम आणि मोकळ्या जागेत चकवण्याचं कसब यांवर सगळं चालतं. देशातल्या वीस-पंचवीस उत्तम धावपटू मुली निवडा, एका जागी आणा, पगार द्या, वर्षभर सराव करून घ्या. ऑस्ट्रेलियाने हेच केलं. त्यांच्या सुवर्णविजेत्या संघातल्या शार्लट कॅस्लिक, एमिली चेरी यांच्यासारख्या अनेकजणी टच फुटबॉलमधून आल्या होत्या. त्या खेळात पाडापाडी नसते, नुसता स्पर्श असतो, पण पळणं आणि पास देणं तेच.

पंधरा जणींच्या रग्बीत हा मार्ग चालत नाही, कारण तिथे अर्ध्याहून जास्त संघ पळण्यासाठी नसतोच. आठ जणी फॉरवर्ड्स. त्यांचं काम ढकलण्याचं, उचलण्याचं, चेंडू हिसकावण्याचं. छोट्या चुकीनंतर खेळ पुन्हा सुरू करताना स्क्रम होतो. दोन्हीकडच्या आठ-आठ जणी वाकून, खांद्याला खांदा भिडवून एकमेकींना रेटतात. सगळ्यात पुढे तिघी, मधली हुकर आणि दोन्ही बाजूंना प्रॉप. या तिघींच्या मानेवर आणि पाठीवर मागच्या पाचजणींचा भार येतो. हे कसब वर्षानुवर्षं रेटून अंगात मुरतं, आणि चुकीच्या माणसाला तिथे उभं केलं तर मानेला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून पुढच्या फळीत शिकलेलीच खेळाडू लागते. तशी उरली नाही तर पंच ढकलाढकलीविना स्क्रम लावायला सांगतात. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की लाइन-आउट. दोन रांगा उभ्या राहतात, मधोमध चेंडू फेकला जातो, आणि एखादीला तिच्या साथीदार उचलून हवेत धरतात. फेकणारी, उडी मारणारी आणि उचलणाऱ्या, सगळ्यांची वेळ जुळावी लागते.

सामन्यासाठी राखीव धरून तेवीस जणी लागतात. त्या तेवीस मिळवायच्या तर मागे शे-दीडशे जणी दर आठवड्याला जोरात खेळत असाव्या लागतात. अशा मुली छावणीत घडवता येत नाहीत. त्यांना क्लब लागतो, शनिवार लागतात, तोडीचे प्रतिस्पर्धी लागतात. ऑस्ट्रेलियात या मुलींवर इतरांचाही डोळा आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉलची महिला लीग २०१७ मध्ये आली, आणि तेरा जणींच्या रग्बी लीग या वेगळ्या खेळाची २०१८ मध्ये. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडमध्ये रग्बी लीग हाच लोकांचा खेळ, त्यामुळे दणकट मुलगी आधी तिकडे जाते. न्यूझीलंडची लोकसंख्या पन्नास लाखांच्या थोडी वर आणि ऑस्ट्रेलियाची अडीच कोटींहून जास्त, तरी प्रॉपची रांग न्यूझीलंडकडे लांब, ती यामुळे.

न्यूझीलंडचा मार्ग तरी सरळ होता असं समजू नका. पुरुषांचं रग्बी १९९५ मध्ये व्यावसायिक झालं. ब्लॅक फर्न्सना पहिले करार मिळाले २०१८ मध्ये, तेही चार विश्वचषक आणि २०१७ चा पाचवा जिंकून झाल्यावर. तोपर्यंत या खेळाडू नोकरी सांभाळून, रजा काढून देशासाठी खेळत होत्या. २०२१ च्या शेवटी युरोप दौऱ्यात इंग्लंड आणि फ्रान्सकडून सलग चार पराभव झाले. त्यानंतर संघातल्या अनुभवी हुकर ते कुरा न्गाटा-एरेन्गामाते यांनी संघातल्या वातावरणाबद्दल आणि प्रशिक्षकाच्या शेऱ्यांचा मनावर झालेल्या परिणामाबद्दल जाहीरपणे लिहिलं. चौकशी झाली, प्रशिक्षक बदलले, आणि पुरुष संघासोबत मोठी कारकीर्द केलेले वेन स्मिथ आले.

मग २०२२ चं वर्ष. ऑगस्टमध्ये या चषकाचे दोन सामने झाले. क्राइस्टचर्चला ५२-५, आणि आठवड्याभरात ॲडलेडला २२-१४. दुसऱ्या निकालाने ऑस्ट्रेलियात आशा वाढली. ऑक्टोबरमध्ये करोनामुळे वर्षभर पुढे गेलेला विश्वचषक ईडन पार्कवर सुरू झाला. यजमानांचा पहिला सामना ऑस्ट्रेलियाशी. अर्ध्या तासाच्या आत ऑस्ट्रेलिया १७-० ने पुढे. तीन ट्राय, एक कन्व्हर्जन. हिशेब तुम्हाला आता जमेल. त्यातले दोन ट्राय बिएन टेरिटा या किशोरवयीन मुलीचे. भरलेलं मैदान गप्प. मग न्यूझीलंडची पोर्शिया वुडमन सुटली. नेटबॉलमधून आलेल्या या विंगरने, म्हणजे कडेने पळणाऱ्या खेळाडूने, तीन ट्राय केले, ऑस्ट्रेलियाला पिवळी कार्डं (म्हणजे दहा मिनिटं एक खेळाडू बाहेर) महागात पडली आणि सामना ४१-१७ असा संपला. महिनाभराने त्याच मैदानावर ४२ हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर न्यूझीलंडने इंग्लंडला ३४-३१ ने हरवलं. इंग्लंड त्याआधी सलग तीस सामने जिंकून आलं होतं. शेवटच्या क्षणी रेषेपासून पाच मीटरवर इंग्लंडची लाइन-आउट होती, आणि हवेत गेलेला तो चेंडू जोआना न्गान-वू हिने हात घालून बिघडवला. विश्वचषक एका लाइन-आउटवर गेला. वर सांगितलेल्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कसबाची किंमत ती.

त्यानंतर ऑस्ट्रेलियाशी अंतर कमी होण्याऐवजी वाढलं. २०२३ मध्ये ५०-० आणि ४३-३. २०२४ मध्ये ६७-१९ आणि ६२-०. विजेत्या संघात पैसा आला, तो आणखी पुढे गेला. ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी २०२३ च्या ऑगस्टमध्ये समाजमाध्यमांवर एकत्र निवेदन काढून पुरुषांच्या तुलनेत मिळणाऱ्या वागणुकीबद्दल थेट नाराजी मांडली. त्या वर्षाच्या अखेरीस जो यॅप यांची नेमणूक झाली. इंग्लंडच्या या माजी कर्णधार वॉलारूजच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाच्या, पहिल्या पूर्णवेळ प्रशिक्षक. पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९९४ ला आणि पूर्णवेळ प्रशिक्षक २०२३ ला, हे वाक्य मी लिहिताना दोनदा तपासलं. २०२५ मध्ये न्यूकॅसलला ३८-१२ आणि वेलिंग्टनला ३७-१२ असे निकाल लागले. पराभवच, पण दर सामन्यात दोन ट्राय आणि साठ-सत्तरचा फलक नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २०१६ पासून काही वर्षं यातले बरेच सामने पुरुषांच्या ब्लेडिस्लो कपच्या आधी, त्याच मैदानावर ठेवले जात. तो चषक याच दोन देशांचा, १९३० च्या दशकापासूनचा, आणि २००३ पासून सलग न्यूझीलंडकडे. फायदा असा की महिलांना मोठं मैदान आणि टीव्ही मिळाला. तोटा असा की सामना दुपारी सुरू व्हायचा तेव्हा प्रेक्षक अजून पार्किंग शोधत असायचे. आता महिलांचे सामने बहुतेक स्वतंत्र दिवशी, लहान मैदानांवर होतात, आणि तिकीट काढून येणारा माणूस त्यांच्यासाठीच आलेला असतो. २०२२ पासून कॅनडा आणि अमेरिकेसोबतची पॅसिफिक फोर ही स्पर्धाही आहे, त्यामुळे या दोघींची गाठ आता दरवर्षी पडते. खंड पडण्याची भीती त्यामुळे पुष्कळ कमी झाली.

न्यूझीलंडलाही आता ऑस्ट्रेलियापेक्षा कॅनडा जास्त छळतो. २०२४ मध्ये कॅनडाने त्यांना क्राइस्टचर्चमध्येच २२-१९ ने हरवलं, आणि २०२५ च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात ३४-१९ ने. त्याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियालाही उपांत्यपूर्व फेरीत घरी पाठवलं कॅनडानेच.

आपल्याकडे पंधरा जणींचं रग्बी अगदी नवं आहे. भारताच्या महिला संघाने पहिला असा आंतरराष्ट्रीय सामना २०१८ मध्ये खेळला आणि पहिला विजय २०१९ मध्ये मनिलात मिळवला, सिंगापूरवर २१-१९ असा. निकाल ठरवणारी पेनल्टी ओडिशाच्या सुमित्रा नायकने मारली, आणि कर्णधार होती पुण्याची वाहबिझ भरुचा, जी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करत खेळत होती. नोकरी सांभाळून देशासाठी खेळणं न्यूझीलंडच्या जुन्या खेळाडूंना ओळखीचं वाटेल.

पुढचा महिला विश्वचषक २०२९ मध्ये ऑस्ट्रेलियात आहे. तोवर या चषकाचे सामने पाहायला मिळाले तर गुणफलकाआधी स्क्रम पाहा. ऑस्ट्रेलियाची पुढची फळी साठाव्या मिनिटाला, राखीव खेळाडू उतरल्यानंतरही, मागे न सरकता उभी राहिली, तर त्या दिवशी सामना शेवटपर्यंत बघा.